‘गिमी शेल्टर’ : अनुबोधपटातील निवेदकाचा प्रश्न

अनुबोधपटाला निवेदक नसतो, तेथे वास्तव स्वतःच बोलते, असा एक समज आपल्या पदव्युत्तर वर्गांतून अद्याप टिकून आहे. पडद्यामागून भाष्य ऐकू येत नाही, एवढ्यावरून निवेदकच नाही असे मानणे म्हणजे तृतीयपुरुषी कादंबरीला निवेदक नसतो असे म्हणण्यासारखेच आहे. या समजाची तपासणी करण्यास ‘गिमी शेल्टर’ (१९७०) इतकी योग्य संहिता क्वचित सापडेल.

आल्बर्ट व डेव्हिड मेझल्स हे बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांनी हा चित्रपट ‘द रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाच्या १९६९ मधील अमेरिका-दौऱ्यावर केला. दौऱ्याची अखेर ६ डिसेंबर १९६९ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातील अल्टमाँट येथील मोटार-शर्यतीच्या मैदानावर, सुमारे तीन लाख श्रोत्यांच्या विनामूल्य मैफलीत झाली. जागा अगदी आयत्या वेळी ठरली होती, व्यासपीठ बुटके होते आणि बंदोबस्त ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे होता. गाणे चालू असतानाच मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भोसकून ठार करण्यात आले. अन्य तिघेही त्या मैफलीत दगावले.

आता घटनाक्रम आणि कथनक्रम यांतील अंतर पाहावे. चित्रपटाच्या आरंभीच गायक-वादक संकलनाच्या टेबलाशी बसून आपलेच चित्रण पाहत आहेत, आणि नभोवाणीवरून मृत्यूंची वार्ता त्यांच्या कानी पडते आहे. ही चौकट झ्वेरिन यांची कल्पना. तिच्यामुळे पुढची प्रत्येक गोष्ट (मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जल्लोष, हॉटेलच्या खोल्या, मैदानासाठी वकिलाने दूरध्वनीवर चालवलेल्या वाटाघाटी) प्रेक्षक शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या नजरेने पाहतो. दौऱ्यातली रिकामी करमणूकही मग अशुभसूचक वाटू लागते. हे काम वास्तवाने केलेले नाही, निवेदकाने केले आहे.

पॉलिन केल यांनी चित्रपट प्रदर्शित होताच ‘द न्यूयॉर्कर’मधून असा आक्षेप घेतला की, जी घटना चित्रणासाठीच घडवून आणली तिला साक्षीपुराव्याचा आव आणू नये. मेझल्स बंधूंना तो मान्य झाला नाही, आणि मैफल त्यांनी घडवली नव्हती हे खरे आहे. परंतु साक्षीच्या अधिकाराविषयीचा केल यांचा प्रश्न त्याने संपत नाही, असे माझे मत आहे.

तो प्रश्न ऐन टेबलाशीच उभा राहतो. चित्रफीत थांबते, मागे जाते, पुन्हा सावकाश पुढे सरकते. सोबतच्या मुलीच्या विणलेल्या फिकट पोशाखावर हंटरच्या हातातील पिस्तूल दिसते, मग सुरा. हेच चित्रण पुढे न्यायालयातही दाखवले गेले आणि १९७१ मध्ये आरोपीची स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटका झाली. न्यायालयाला कृतीचा क्रम हवा होता, आणि तो चित्रफितीने दिला. चित्रपटाला मात्र अर्थ हवा आहे, आणि तो अर्थ कोठे शोधला जातो? मिक जॅगर यांच्या चेहऱ्यावर! ते उठतात, निघतात, आणि चौकट त्यांच्या चेहऱ्यावर गोठते. मृत तरुण कोण होता, कोठून आला होता, त्याच्या घरी काय घडले, यांपैकी कशाचाही शोध निवेदकाला घ्यावासा वाटत नाही. येथे प्रसिद्ध माणसाची अपराधभावना हाच आशयाचा केंद्रबिंदू होतो आणि मृत्यू तिचे निमित्त ठरतो.

याचा अर्थ चित्रपट अप्रामाणिक आहे असा नव्हे. आपण कोणाकडे पाहत राहिलो हे तो लपवीत नाही, हेच त्याचे बळ. (दौऱ्यांवरील पुढचे कित्येक अनुबोधपट निव्वळ जाहिराती ठरले, हे ध्यानात घेता हे बळ लहान नाही.) तथापि हंटरची कबर कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो येथे कित्येक वर्षे नावाच्या दगडाविना होती, आणि तिच्याकडे कॅमेरा वळण्यासाठी सॅम ग्रीन यांचा एक लघुपट यावा लागला. तो २००६ मधला आहे.