पोथी दाखवा, आज्ञावलीही दाखवा

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे येताना पायथ्याशी पोफळी लागते. १९६२ पासून कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून इथल्या भूमिगत वीजगृहात उतरते आहे. साहित्याच्या अभ्यासकांना या गावाशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते काहीसे लाजिरवाणे आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाच्या वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. धरणातल्या यंत्राने त्या हादऱ्याचा आलेख टिपला आणि तो जगभरच्या संशोधकांच्या हाती गेला. चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ साली गणिताने दाखवले की ताण तिथेच वाढतो. पुढे धरणांवरच्या भूकंपाच्या परिणामासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या अनेकांनी ती कोयनेवर पारखून घेतली : हिचा तडा खऱ्या तड्याच्या जागी पडतो का? ‘अबॅकस’ या प्रणालीच्या उदाहरणसंग्रहातही हे धरण आहे. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एकाच कसोटीला उतरतात, हे सहकार्य.

आता आपल्या घरात पाहू. साहित्याचा अभ्यासकही हल्ली शब्दांची वारंवारता मोजतो, लेखकांच्या शैलीची आकड्यांत तुलना करतो, त्यासाठी चार ओळींची आज्ञावली लिहितो. प्रबंधात आकडे येतात. आज्ञावली मात्र ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरेच अंतिम’ अशा नावांनी त्याच्या संगणकात पडून राहते.

यात बिघडते काय? ‘तऱ्हा’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : खाली टिंब असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना शब्द एकच, आज्ञावलीला दोन. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांचेही तेच. ही चूक लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही; दुसऱ्याने आज्ञावली वाचली, किंवा उत्तर आधीच माहीत असलेला छोटा उतारा तिला मोजायला दिला, तरच सापडते.

‘आम्ही भाषेची माणसे, हे तंत्रज्ञांचे काम,’ हा बचाव मला मान्य नाही. हे काम मुळात आपलेच आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १,२५९ हस्तलिखिते तपासली. नाकारलेले पाठ फेकून न देता पानाखाली छापले. संशयित पाठाखाली नागमोडी रेघ ओढली. तिचे प्रमुख संपादक वि. स. सुखठणकर हे केंब्रिजला गणित शिकलेले होते. बदलाची नोंद, बदलामागचे कारण, सहकाऱ्याची तपासणी आणि परक्यालाही उलगडा होईल अशी मांडणी, हीच कौशल्ये आज ‘गिट’सारख्या साधनांच्या आधारे संशोधकांना शिकवली जातात. त्यांना आपण पाठचिकित्सा म्हणत होतो.

याची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. राजवाड्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती पोथी पुढे अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही आणि वाद आजही शिल्लक आहे. एवढ्या मोठ्या संशोधकालाही ‘पोथी दाखवा’ असे विचारणारे आपण, विद्यार्थ्याच्या आकड्यांपुढे मात्र मान डोलावतो.

आज्ञावली न दाखवण्याचे खरे कारण बहुधा चोरीची भीती हे नसते. ती ओबडधोबड आहे, याची लाज वाटते. ही लाज एकट्याने लिहिण्यातून येते आणि वर्गातच मोडता येते. पहिल्याच तासाला दोघांनी ‘तऱ्हा’ मोजावी, आज्ञावल्यांची अदलाबदल करावी, एकमेकांच्या चुका कारणासह नोंदवाव्यात.

आणि मार्गदर्शकांनी एवढे करावे : आज्ञावली, तिच्यातील बदलांचा इतिहास आणि निदान एक कसोटी परिशिष्टात नसेल, तर त्या आकड्यांवर सही करू नये. तडा कुठे पडतो हे धरणवाल्यांनी जगाला दाखवले; आपण निदान शेजारच्या बाकावरच्याला दाखवावे.