मशीन घेण्याआधी वही

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. चंद्रपुरात त्याची छोटी डेंटल लॅब आहे. दोन खोल्या, तो स्वतः आणि दोन कारागीर. सोबत त्याचे अब्बा होते, कोळसा खाणीतून नुकतेच निवृत्त झालेले. पोराने चार माहितीपत्रके टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सर, यातली कोणती मिलिंग मशीन घेऊ, तेवढं सांगा."

आम्ही शाळेत भाषा शिकवतो. दाताबद्दल आम्हाला एवढेच ठाऊक, की तो दुखला की रात्रभर झोप येत नाही. पण प्रश्न फक्त मशीनचा नव्हता. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हा अब्बांचा निश्चय. म्हणून फंडाची रक्कम मशीनमध्ये घालायची ठरत होती. त्याच रकमेत धाकट्या मुलीचा निकाह आणि घराचे छतही होते. तेव्हा आम्ही तीन रविवार त्या बापलेकांसोबत बसलो. जे समजले ते इथे मांडतो, कारण आपल्या घराघरांत कोणी ना कोणी असा छोटा धंदा करतोच.

आधी काम काय ते पाहू. दंतवैद्य रुग्णाच्या दातांचे माप घेऊन लॅबला पाठवतो. पूर्वी त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेणाची घडण, मग धातूचे ओतकाम, असे सगळे हातानेच होई. आता साचा स्कॅन करून कॅपचा आकार संगणकावर बनवतात आणि मशीन तो झिरकोनियाच्या डिस्कमधून कोरून काढते. हे तंत्र तसे नवे नाही. 1985 मध्ये झुरिच विद्यापीठात अशा यंत्राने कोरलेली भरणी रुग्णाच्या दातात बसवली गेली होती. झिरकोनिया कोरताना खडूसारखा मऊ असतो. म्हणून कॅप मुद्दाम मोठी कोरतात आणि सुमारे 1500 अंशांच्या भट्टीत भाजतात. भट्टीत ती साधारण 20 टक्के आक्रसते आणि पोलादासारखी कणखर होते. म्हणजे नुसती मशीन घेऊन भागत नाही. स्कॅनर, सॉफ्टवेअर, भट्टी, कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर आणि धूळ ओढणारे यंत्र मिळून एक संच होतो. माहितीपत्रकावरची किंमत मात्र बहुधा एकट्या मशीनची असते.

मग चार अक्षांची घ्यावी की पाच अक्षांची? सुटी कॅप आणि लहान ब्रिज चार अक्षांवर नीट होतात. लांब ब्रिज, कललेले दात, इम्प्लांटचे काम असेल तर पाचवा अक्ष लागतो. झिरकोनिया कोरडा कोरतात, काचेसारखे सिरॅमिक पाण्याच्या धारेत. एकाच मशीनवर दोन्ही करायचे तर मधे ती धुऊन, वाळवून घ्यावी लागते. घाईत हे कोण करतो? धातू कोरायला तर जड अंगाची वेगळीच मशीन हवी. टेबलावरच्या मशीनचे ते काम नाही.

इथवर आल्यावर आम्ही पोराला विचारले, "तुझ्याकडे महिन्याला झिरकोनियाच्या कॅप येतात किती?" तो म्हणाला, "खूप येतात, सर." अब्बा पहिल्यांदा बोलले, "खूप म्हणजे किती, बेटा? खाणीत आम्ही डब्बे मोजायचो."

वही उघडली. सहा महिन्यांची सरासरी निघाली 35. बाकीचे काम कवळ्यांचे आणि धातूच्या कॅपचे. त्याला कारण आहे. आपल्या भागात खर्रा घराघरांत पोचला आहे, काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. गडचिरोलीकडून येणाऱ्या रुग्णांत दात कमी उरलेले, तोंड पुरते न उघडणारे पुष्कळ. त्यांना परवडते ती कवळी. झिरकोनिया कोरणारी मशीन त्यांच्या कामाची नाही.

मग फळ्यावरचे गणित केले. समजा, सगळा संच 15 लाखांचा आणि आयुष्य पाच वर्षांचे. महिन्याला 25 हजार झाले. बर, वीज, देखभाल आणि सॉफ्टवेअरचे 15 हजार धरा. एकूण 40 हजार. बाहेरून कोरून आणण्यापेक्षा घरी कोरल्याने कॅपमागे 500 रुपये वाचतात असे धरले, तर महिन्याला 80 कॅप झाल्याशिवाय मशीन स्वतःचा खर्चही काढत नाही. आकडे आमचे मानलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला, रीत तीच.

पोराचा चेहरा उतरला. पण रस्ता बंद नव्हता. त्याने आधी फक्त स्कॅनर आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर घेतले. फाइल नागपूरच्या मिलिंग सेंटरला इंटरनेटवरून जाते आणि भाजलेली कॅप दोन-तीन दिवसांत परत येते. रंग, चकाकी आणि शेवटची बसवण तो लॅबमध्येच करतो. बारावी विज्ञान झालेली धाकटी बहीण महिन्याभरात डिझाइन शिकली. आता संध्याकाळी घरी बसून ती दाताचे उंचवटे-खळगे घडवते आणि त्याचे पैसे भावाकडून रोख मोजून घेते. निकाहाची रक्कम जागेवर आहे.

मशीन पुढे घ्यायचीच आहे. त्यासाठी विक्रेत्याला विचारायचे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. कुठल्याही कंपनीची डिस्क चालते, की त्यांचीच घ्यावी लागते? साधी एसटीएल फाइल घेते का? सॉफ्टवेअरचे पैसे एकदाच की दरवर्षी? एक बर किती कॅपपर्यंत टिकतो? बिघाड झाला तर माणूस कुठून येतो आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो? काम चालू असताना वीज गेली तर ते तिथूनच पुढे चालू होते, की डिस्क वाया? आमच्या शहरात 2920 मेगावॉटचे वीज केंद्र आहे, तरी पावसाळ्यात दिवे जातातच. आणि नमुन्याची कॅप पाहून भुलू नये. आपली फाइल द्यावी, आपल्या साच्यावर कॅप बसवून कड तपासावी.

धुळीबद्दलचा प्रश्न अब्बांनी सांगितला. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते आणि फुप्फुसात बसते. दंत कारागिरांना सिलिकोसिस झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजवावे लागले नाही. "धूळ ओढायचं यंत्र आधी, मशीन नंतर," ते म्हणाले. साचे घासताना उडणारी धूळ तर आजही आहेच, म्हणून ते यंत्र स्कॅनरच्या आठवड्यातच आले.

परवा पोराचा फोन आला. मागच्या महिन्यात 52 कॅप झाल्या. "सर, 80 व्हायला किती दिवस लागतील?" आम्ही म्हटले, ते वहीला विचार. आणि सलग सहा महिने 80 दिसल्या की अब्बांना घेऊन ये, चहा आमच्याकडे.