वेगाच्या गाडीचा हिशेब



सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. वय सत्तावीस, सीएनसी मशीनवर काम, पगार हातात छत्तीस हजार. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. घरातली पहिली चारचाकी घ्यायची आहे आणि ती 'हॉट हॅच'च हवी, म्हणजे दिसायला छोटी, घरगुती, पण इंजिन दणकट. आई म्हणते, साधी गाडी घे आणि उरलेले पैसे बाजूला ठेव. वडील म्हणतात, पोराची हौस आहे, माझ्या फंडातले तीन लाख घे. आता किंमत आणि सोयी यांची तुलना कशी करायची, असा या भावाचा प्रश्न आहे.

प्रथम हौसेबद्दल. सायकलला डबा अडकवून पाळीला जाणाऱ्या पिढीच्या मुलाने वेगवान गाडीचे नाव काढले की आपल्याकडे लगेच उपदेश सुरू होतो. मी तो करणार नाही. हा प्रकारच मुळी मध्यम मिळकतीच्या माणसासाठी निघाला. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय मांडली आणि १९७६ पासून विकली. घरच्या वापराच्या गाडीत ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवले, एवढीच कल्पना. स्पोर्ट्स कार परवडत नाही, पण मुलाबाळांना घेऊन जाणारी गाडी जोरात पळावी, असे वाटणाऱ्यांनी ती उचलून धरली. तीच गोल्फ जीटीआय २०२५ साली भारतात आली ती ५३ लाखांना. म्हणजे मूळ कल्पना कुठल्या कुठे गेली! असो.

आपल्याकडे या जातीच्या गाड्या अनेक आल्या आणि गेल्या. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, आपल्या शेजारच्या चाकणला तयार होत असे. २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. रांजणगावहून २०१५ साली फियाटची अबार्थ पुंटो आली, १४५ अश्वशक्तीची, किंमत दहा लाखांच्या आत. नंतर फियाटनेच येथील विक्री गुंडाळली. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ची, टाटाची टियागो जेटीपी २०१८ ची. दोन्ही दोन-तीन वर्षांत गेल्या. हे सांगण्याचे कारण असे की, वेगवान छोट्या गाडीचे आयुष्य आपल्या बाजारात कमी ठरले आहे. गाडी तुम्ही सात वर्षे हप्ते भरून वापरणार. तिचे मॉडेल त्याआधीच बंद झाले, तर साधे सुटे भाग मिळतील. पण खास त्याच मॉडेलचे बंपर, सीट, टर्बोचे सामान यांसाठी थांबावे लागते आणि विकतानाही गिऱ्हाईक बिचकते. जुनी पोलो जीटी स्वस्तात मिळते म्हणून धावू नका. तिची सात गिअरची ऑटोमॅटिक पेटी बिघडली, तर दुरुस्तीचा आकडा ऐकून झोप उडते.

आता पत्रातल्या दोन गाड्या. ह्युंदाईची आय-२० एन लाइन आणि टाटाची अल्ट्रोझ रेसर. दोन्हींना टर्बो पेट्रोल इंजिन आहे. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, त्यामुळे लहान इंजिन मोठ्याचे काम करते. दोन्हींची ताकद १२० पीएस. ओढ एकीची १७२ न्यूटन-मीटर, दुसरीची १७०. साध्या नव्या स्विफ्टची ओढ ११२ आहे. हा आकडा कागदावर कोरडा वाटतो. पण गाडीत पाच माणसे आणि डिकीत तांदळाचे पोते घेऊन यवतेश्वरचा घाट चढू लागलात की तो कळतो. स्विफ्टला वारंवार गिअर खाली घ्यावा लागेल, या दोघी सहज चढतील.

म्हणजे ताकदीत निवड करण्यासारखे काही नाही. फरक इतर गोष्टींत आहे. रेसर जून २०२४ मध्ये ९ लाख ४९ हजारांपासून आली, तेव्हा सहा एअरबॅग आणि सहा गिअरची मॅन्युअल पेटी होती. अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटरची, आय-२० ची ३११ ची. अल्ट्रोझची दारे जवळजवळ काटकोनात उघडतात. गुडघे दुखणाऱ्या आईला मागच्या सीटवर बसवायचे असेल, तर ही सोय मोठ्या पडद्यापेक्षा आणि चढ्या आवाजाच्या सायलेन्सरपेक्षा मोलाची. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत अल्ट्रोझला २०२० साली मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, आय-२० ला २०२२ साली तीन. मात्र चाचणीतली आय-२० दोन एअरबॅगची होती. एन लाइनला २०२३ पासून सहा आहेत. आणि एन लाइनला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, हे मी फार मानतो. गळीत हंगामात रात्री कराड ते सांगली गेलेल्या माणसाला विचारा. उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम, एकदम समोर उभी राहते. त्या वेळी गाडी किती सेकंदांत शंभराचा वेग घेते याला काही अर्थ नसतो. ती किती फुटांत थांबते ते महत्त्वाचे.

रेसरबाबत एक सावधगिरी. मे २०२५ मध्ये अल्ट्रोझचे नवे रूप आले, त्यात हे टर्बो इंजिन ठेवलेले नव्हते. तेव्हा शोरूममध्ये रेसर उभी दिसली, तर ती कोणत्या महिन्यात आणि वर्षात बनली हे बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या आणि त्या प्रमाणात सूट मागा.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे आकडे. शोरूममध्ये जी किंमत सांगतात ती एक्स-शोरूम. तिच्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स आहे. शिवाय दहा लाखांच्या वर गेल्यास विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. तो इन्कम टॅक्स रिटर्न भरल्यावर तुमच्या खात्यात धरला जातो, पण आधी खिशातून जातोच. एक उदाहरण करून पाहू. एक मॉडेल ९ लाख ९९ हजारांचे, दुसरे १० लाख १० हजारांचे. विक्रेता म्हणेल, साहेब, फक्त अकरा हजारांचा फरक, वरचे घ्या. पहिल्याचा टॅक्स १ लाख ९ हजार ८९०. दुसऱ्याचा १ लाख २१ हजार २००, वर टीसीएस १० हजार १००. म्हणजे अकरा हजारांचा फरक प्रत्यक्षात ३२ हजार ४१० रुपयांचा झाला. वरच्या मॉडेलला सनरूफ असेल, पण हे बत्तीस हजार त्या सनरूफचे धरा.

विम्याचेही तसेच. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ साली ठरलेल्या दराने एक हजार सीसीपर्यंत तो ६,५२१ रुपये, त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत १०,६४०. आय-२० एन लाइनचे इंजिन ९९८ सीसीचे, रेसरचे ११९९ चे. हे चार हजार कुणी आपण होऊन सांगत नाही. बाकीचा विमा शोरूममध्येच काढला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरून दोन दर आणून समोर ठेवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर, सेस धरून, २९ टक्क्यांवरून १८ वर आला. हिशेबाने किंमत साडेआठ टक्के उतरायला हवी. ९ लाख ९९ हजारांची गाडी ९ लाख १४ हजारांच्या आसपास. मित्राच्या मोबाईलमधले जुने दरपत्रक त्यामुळे टाकून द्या आणि त्या दिवसाचे, सहीशिक्क्याचे कोटेशन घ्या.

कर्जाकडे वळू. आठ लाख रुपये, नऊ टक्के व्याज धरले, तर पाच वर्षांचा हप्ता १६ हजार ६०७ आणि सात वर्षांचा १२ हजार ८७१. सात वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण एकूण व्याज १ लाख ९६ हजारांवरून २ लाख ८१ हजारांवर जाते. छत्तीस हजारांच्या पगारात पहिला हप्ता निम्म्याच्या जवळ जातो, दुसरा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यावर पेट्रोल. महिना हजार किलोमीटर चालवलीत, घाटात पाय जड ठेवून लिटरला तेरा पडले आणि साध्या गाडीला वीस, तर वर्षाला ३२३ लिटरचा फरक. लिटर शंभर रुपये धरले तरी ३२ हजार ३००. सोळा इंची टायरही स्वस्त नाहीत आणि आपले खड्डे ते लवकर खातात.

राहिले वडिलांचे तीन लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज २०२३ साली ८.२ टक्के झाले. त्या दराने तीन लाखांवर दर तिमाहीला ६ हजार १५० रुपये येतात. घरात बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाच्या पैशातून येतात, हे पत्रात लिहिलेले नाही, पण मला अंदाज आहे. गाडी पहिल्या दिवसापासून किंमत गमावते. फंड गमावत नाही. वडिलांनी आपण होऊन देऊ केले असले, तरी भाऊ, ते घेऊ नका. स्वतःचे तीन-साडेतीन लाख साठेपर्यंत दोन वर्षे थांबा. तोवर थांबवत नसेल, तर साडेसहा-सात लाखांची साधी गाडी घ्या. स्विफ्टलाही २०२४ पासून सर्व मॉडेलना सहा एअरबॅग आहेत. दोन वर्षांनी पगार वाढलेला असेल, तर आज बाजारात असलेल्यांपैकी मी एन लाइनचे मॅन्युअल, दहा लाखांच्या आतले मॉडेल निवडीन, ते ब्रेकसाठी आणि हप्त्यासाठी.

खरेदीच्या दिवसाबद्दलही विचारले आहे. आपली मुले १४ एप्रिलला किंवा विजयादशमीला गाडी दारात आणायची म्हणतात; आनंद आहे, आणावी. पण दसरा-दिवाळीला मागणी असते, तेव्हा सूट कमी मिळते. आपल्याला मुहूर्ताची अडचण नाही, हा रोखीचा फायदा आहे. मार्चअखेर विक्रेत्यांना आकडा गाठायचा असतो, त्या आठवड्यात घासाघीस करा, गाडी १४ एप्रिलला बाहेर काढा. ट्रायल घेताना आई-वडिलांना मागे बसवा आणि सपाट हमरस्त्यावरून फिरवून आणले तर समाधान मानू नका; गतिरोधकांच्या आणि चढाच्या रस्त्याला न्यायला सांगा.