ट्रॅक्टरचालकाच्या पाठीचाही हिशेब हवा

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या पेरणीसाठी रान तयार करण्याचे काम आता बहुतांशी ट्रॅक्टरनेच होते. मालक डिझेलचा हिशेब ठेवतो, तेल बदलल्याची तारीख लिहितो. परंतु दिवसभर यंत्रावर बसणाऱ्या चालकाच्या पाठीचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ही उणीव दूर झाली पाहिजे.

मोटारीला स्प्रिंगा असतात. सामान्य ट्रॅक्टरच्या मागील आसाला त्या नसतात. टायरमधील हवा व सीट, एवढाच चालकाचा आधार होय. उन्हाळी नांगरटीनंतर काळ्या रानात कठीण ढेकळे राहतात. त्यांवरून जाताना बसणारे हादरे थेट कण्यापर्यंत पोहोचतात. वर्षानुवर्षे ते सोसल्याने कंबरदुखी जडते व मणक्यांमधील चकत्या झिजण्याचा संभव वाढतो.

हादऱ्याचा जोर दुप्पट झाला म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा नव्हे, तर चौथाई होतो. जी मात्रा आठ तासांत भरावयाची, ती दोनच तासांत भरते. युरोपीय संघाने २००२ साली अशा मात्रेची मर्यादा ठरवून, ती ओलांडल्यास उपाय योजणे मालकावर बंधनकारक केले.

चालकाला सवय असते, असे म्हणतात. सवयीने त्रास जाणवेनासा होतो; कण्यावरील भार कमी होत नाही.

ओबडधोबड रानात वेग कमी ठेवणे हा पहिला उपाय होय. परंतु भाड्याचे काम एकरी दराने ठरते आणि वापसा साधण्याची घाई असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, चालकाचा मोबदला एकरावर न ठरविता दिवसावर ठरवावा, आणि पेरणीच्या धामधुमीत एका यंत्रावर दोघांनी आळीपाळीने बसावे.

इतर उपाय अल्पखर्चाचे आहेत :

१) सीट चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवावी. मोडकी स्प्रिंग त्वरित बदलावी; तिच्याऐवजी पोती रचू नयेत.

२) टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. रानातील काम व भरलेली ट्रॉली यांसाठी ती वेगवेगळी असते.

३) शेताकडे जाणाऱ्या पाणंदीतील खड्डे पेरणीपूर्वी बुजवावेत.

४) तासा-दीड तासाने खाली उतरून चालावे. उतरल्याबरोबर सोयाबीनची पोती उचलू नयेत. हादरे सोसलेल्या पाठीला त्या वेळी इजा लवकर होते.

५) नवा ट्रॅक्टर घेताना अश्वशक्तीबरोबर सीटही पाहावी. १९५५ साली स्थापन झालेल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या परीक्षण अहवालात यंत्राच्या कंपनांची मोजणी दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व सभेत बियाणे व खत यांबरोबर हा विषयही घ्यावा, आणि चालकांना आवर्जून बोलवावे. बहुतेक चालक तरुण आहेत व पुष्कळसे दुसऱ्याच्या यंत्रावर राबतात. यंत्राचा सुटा भाग बाजारात मिळतो, मणका मिळत नाही. तो सांभाळण्याची जबाबदारी मालकाने आपली मानली पाहिजे.