घडीच्या फोनची खरी किंमत

घडीच्या फोनचा ओएलईडी पडदा जाड काचेवर नव्हे, तर पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या पातळ थरावर घडवतात. त्यावर अनेकदा 30 मायक्रॉनची, केसाहून पातळ काच असते आणि तिच्यावर पुन्हा मऊ प्लास्टिक. थर जितका पातळ, तितका वाकताना त्यावर ताण कमी. पण हा मऊपणाच नखाला, वाळूच्या कणाला बळी पडतो. 2019 मध्ये सॅमसंगच्या पहिल्या फोल्डचे परीक्षणासाठी दिलेले काही फोन बिघडले आणि विक्री लांबली. तेव्हापासून बिजागरी खूप सुधारली, हे मान्य. कंपन्या दोन लाख घड्यांच्या चाचणीचा दाखलाही देतात. मात्र खिशातली धूळ आणि हातातून पडणे त्या आकड्यात मोजले जात नाही. म्हणून पडदा बदलण्याचा खर्च फोनच्या खोक्यावरच छापणे सरकारने बंधनकारक करावे.