टॉटनहॅमचा संघ आणि आपला पॅलेस

टॉटनहॅम हॉटस्परचा संघ सेलहर्स्ट पार्कवर यावयाचा दिवस जवळ आला, की क्रॉयडनमधील आपल्या घरांतून एक प्रश्न हटकून निघतो. टॉटनहॅम हा ‘ज्यूंचा क्लब’ असे लोक मानतात. मग आपल्या मुलांनी त्या संघाचा जयजयकार करावा, की आपल्या गावच्या क्रिस्टल पॅलेसचा? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे: पॅलेसचा, आणि तोही मनापासून.

खेळापुरते बोलावयाचे तर भिण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये पॅलेसने टॉटनहॅमला येथेच ३-० असे नमविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मातेताच्या एकमेव गोलावर सामना जिंकला. ११ मे २०२५ रोजी तर टॉटनहॅमच्या मैदानावर जाऊन एझेच्या दोन गोलांनी मात केली. त्यानंतर सहाच दिवसांनी मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून पॅलेसने एफ. ए. कप मिळविला, क्लबच्या इतिहासातील तो पहिलाच मोठा चषक. चेंडू प्रतिपक्षाकडे राहू द्यावा, बचाव भक्कम ठेवावा व संधी दिसताच वेगाने चढाई करावी, ही त्या विजयाची रीत होती. मात्र प्रतिपक्षाला कमी लेखू नये. त्याच महिन्यात टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला नमवून युरोपा लीग जिंकली आणि सतरा वर्षांचा चषकांचा दुष्काळ संपविला.

परंतु आमची चिंता हारजितीची नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या ईस्ट एंडमधील अनेक ज्यू कुटुंबे टॉटनहॅमचे सामने पाहण्यास जात. पुढे इतर संघांचे काही प्रेक्षक ‘यिड’ या हिणकस शब्दाने त्या क्लबला डिवचू लागले. गॅस चेंबरची नक्कल करणारे फूत्कारही ऐकू आले. प्रत्युत्तर म्हणून टॉटनहॅमच्या चाहत्यांनी, ज्यांत बहुसंख्य ज्यू नाहीत, तोच शब्द आपली ललकारी केला. तो आता सोडून द्यावा, असे आवाहन २०२२ मध्ये खुद्द क्लबनेच केले.

कोकणात आपल्या पूर्वजांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. ते नाव घाण्याच्या कष्टातून व शब्बाथाच्या पालनातून आले, म्हणून आपण ते अभिमानाने सांगतो. दुसऱ्याच्या जखमेवरून उसनी घेतलेली ललकारी त्या जातीची नव्हे. ती ऐकून टॉटनहॅम आपला वाटावा, हे आम्हांस पटत नाही.

आपली खरी कसोटी आपल्याच प्रेक्षकांत लागते. चुरशीच्या सामन्यात मागच्या रांगेतून तो शब्द निघाला, तर ‘आपल्याच संघाचा माणूस’ म्हणून गप्प बसावयाचे काय? आपण संख्येने थोडे, कशाला लक्ष वेधून घ्यावे, असे काही वडीलधारी म्हणतील. त्यांची भीती आम्ही जाणतो. परंतु १९९१ च्या फुटबॉल अपराधविषयक कायद्यान्वये मैदानावरील वंशद्वेषी घोषणा हा गुन्हा आहे. तेव्हा भांडण न करता स्ट्युअर्डला रांग दाखवावी, आणि ती मुलांच्या देखत दाखवावी. ज्याला गावचे मैदान आपले म्हणावयाचे आहे, त्याने ते स्वच्छही राखले पाहिजे.

एवढे केल्यावर पॅलेसने चार गोल करावेत आणि आपण घसा बसेपर्यंत ओरडावे. त्यास आमची पूर्ण संमती आहे!