टाकून दिलेलें उत्तर

गतमासीं येथें बुलढाण्यास आमचा नातू ओसरीवर गणित सोडवीत बसला होता. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदास १० मीटर वेगानें सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर केव्हां पडेल? गुरुत्वाकर्षणाचा अंक स्थूलमानानें १० धरून वर्गसमीकरण मांडलें, तेव्हां उत्तरें दोन आलीं: ३ आणि ऋण १. त्यानें दुसऱ्यावर काट मारली. कारण विचारतां म्हणाला, “आजोबा, काळ कधीं ऋण असतो का?”

मला हंसूं आलें नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें मला भर वर्गांत विचारलें होतें, कीं गणितानें दिलेलें उत्तर आपण कां टाकावें? “तसा नियम आहे,” असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. खरें पाहतां मला कारण ठाऊक नव्हतें.

बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं ‘बीजगणितां’त वानरांचीं दोन उदाहरणें दिलीं आहेत. पहिल्यांत कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनांत आहेत व १२ डोंगरावर. कळप ४८ चा किंवा १६ चा. दोन्ही उत्तरें ग्राह्य. दुसऱ्यांत पंचमांशांतून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके गुहेंत गेले व एक बाहेर दिसतो. उत्तरें ५० आणि ५. परंतु ५ चा पंचमांश १. एका वानरांतून तीन वानर कसे वजा करावे? म्हणून आचार्य ५ सोडून देतात. लक्षांत घ्यावें, कीं टाकलेलें उत्तर धन आहे. ग्राह्याग्राह्यता चिन्हावरून नव्हे, तर प्रसंगावरून ठरते.

आतां चेंडूकडे वळूं. तो एक सेकंद आधीं जमिनीवरून सेकंदास २० मीटर वेगानें निघाला असता, तर गच्चीपाशीं नेमक्या ह्याच वेगानें पोंचला असता. ऋण १ ही त्या न घडलेल्या आरंभाची खूण होय. शिवाय ऋण १ व ३ यांचा मध्य १. म्हणजे एका सेकंदानें चेंडू सर्वांत उंच, २० मीटरांवर असतो. टाकलेल्या उत्तरावांचून हा शिखरबिंदु इतक्या सहज हातीं लागता ना!

नातवानें काट पुसली व उत्तरापुढें लिहिलें, “चेंडू तेव्हां हातांतच होता.” एवढें एक वाक्य मीं त्या विद्यार्थ्यास सांगावयास हवें होतें. वाचकांनीं आपल्या घरच्या मुलांस उत्तर काय आलें, इतकेंच विचारूं नये. तें कां ठेविलें व कां टाकिलें, हेंही विचारावें.